अढीचा तापमान लॉगर: २४ × ६ चं ६ × २४ करताना (प्रकल्प नोंदी)

१४ एप्रिल २०२५

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवते, नंतर मलाच आठवायचं नाही. दादाच्या शेडमध्ये हापूसची अढी लागली आहे, खाली भाताचा पेंढा, वर आंबे, परत पेंढा. आंबा पिकायला लागला की तो स्वतःच उष्णता सोडतो, मधला थर तापतो आणि तिथला माल आधी मऊ पडतो, कडेचा हिरवाच राहतो. दादाला हात घातला की कळतं सगळं, पण रात्री दोन वाजता हात घालायला कोण जाणार, म्हणून सहा ठिकाणी सेन्सर.

वायरिंग बंड्याने केलंय, शेजारचा, डिप्लोमाला आहे. डीएस१८बी२० सेन्सर, सहाही एकाच डेटा वायरवर, वर ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर. बोर्ड आर्डुइनो उनो, घरात पडलेला होता तोच. फ्लॅश ३२ केबी, रॅम २ केबी. हो, केबीच.

दर तासाला सहा आकडे, दिवसाचे २४ तास, म्हणजे २४ ओळी आणि ६ रकाने. सेन्सर डिग्रीचा सोळावा भाग धरून पूर्णांक देतो, २८.५ डिग्रीला ४५६ येतात, त्यामुळे फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा, लागतच नाही, १६ बिटचा पूर्णांक पुरतो. १४४ आकडे, २८८ बाइट.

आणि दादाला काय हवंय, तर एकेका जागेचा दिवसभराचा आलेख. म्हणजे ६ ओळी, २४ रकाने. ट्रान्सपोज. वर्गात वहीत करतात तेच, ओळीचा रकाना करायचा. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम.

१५ एप्रिल

आज ट्रान्सपोजला हातच लागला नाही. सेन्सरचे नंबर जागेप्रमाणे येतात असं बंड्या धरून चालला होता, पण वायरवर शोध घेतला की सेन्सर त्यांच्या ६४ बिटच्या पत्त्यांप्रमाणे सापडतात, शेडमध्ये कुठला कुठे खुपसलाय त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. एकेक सेन्सर मुठीत धरून कुठला आकडा वर जातो ते बघितलं आणि पत्ता-जागा अशी यादी कोडमध्ये पक्की केली. रकाना ० म्हणजे आता दाराकडचा, रकाना ५ म्हणजे मागच्या भिंतीचा. हे आधीच केलेलं बरं, नाहीतर पुढे उलटापालट करताना घोळ रकान्यांचा की कोडचा हेच कळलं नसतं.

रकाना ३ मध्ये मधूनच १३६० येतंय. भागिले १६ केलं की ८५ डिग्री. अढीत ८५ डिग्री असते तर आंब्याचा मुरंबा झाला असता. हा सेन्सरचा पॉवर चालू झाल्यावरचा ठरलेला आकडा आहे, मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचलं किंवा मध्येच वीज तुटली की तो मिळतो. १२ बिटची मोजणी ७५० मिलिसेकंदांपर्यंत घेते. तिथला जोड ढिला होता, बंड्याने परत सोल्डर केला.

१७ एप्रिल

बंड्याने ट्रान्सपोजचं फंक्शन लिहून पाठवलं. चालतं, एरर नाही, फक्त एसडी कार्डावरची फाइल रिकामी.

शोधायला वेळ गेला पण कारण झकास आहे. फंक्शनमध्ये त्याने ओळींची संख्या अशी काढली होती की पूर्ण ॲरेचा (कोडमधल्या टेबलाचा) साइझऑफ, म्हणजे बाइटमधला आकार, भागिले एका ओळीचा साइझऑफ. बाहेर, जिथे ॲरे जाहीर केलाय, तिथे हे बरोबर आहे, २८८ भागिले १२, चोवीस. पण सी आणि सी++ मध्ये ॲरे फंक्शनला असा साधा दिला की आत ॲरे जातच नाही, पहिल्या ओळीचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, जातो. ह्या चिपवर पॉइंटर २ बाइटचा. दोन भागिले बारा, पूर्णांकात शून्य. लूप शून्य वेळा फिरला आणि सगळं सुखरूप संपलं.

कंपायलर ह्याच्यावर वॉर्निंग देतो खरं तर, पण आर्डुइनोच्या आयडीईत, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये, वॉर्निंग मुळात बंद असतात. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन 'ऑल' केलं. पहिल्याच कंपाइलला ती ओळ पिवळी झाली. बंड्याला सांगितलं की कुठल्याही नवीन मशीनवर आधी हे चालू करायचं, मग चहा.

१९ एप्रिल

बंड्याने आकार हाताने २४ आणि ६ लिहून दुसरं व्हर्जन आणलं. आता फाइल भरते, पण आकडे वेडेवाकडे. दाराकडच्या सेन्सरच्या ओळीत मागच्या भिंतीचे आकडे.

त्याने टेस्ट केली होती आणि ती पास झाली होती, हा त्याचा मुद्दा. टेस्ट बघितली तर ६ × ६ वर. शेवटच्या सहा तासांचा तुकडा घेतला होता, छोटा आहे म्हणून. आणि अदलाबदल जागच्या जागी: [ओ][र] आणि [र][ओ] (ओ म्हणजे ओळ, र म्हणजे रकाना) एकमेकांत फिरवायचे, फक्त कर्णाच्या खालच्या बाजूचे. चौरस टेबलाला हे शंभर टक्के बरोबर आहे. तेच २४ × ६ ला लावलं की [०][२३] असं काहीतरी मागितलं जातं, आणि सहाच रकान्यांच्या ओळीत २३ वा रकाना कुठून येणार? पण सी++ तक्रार करत नाही, तो सरळ सुरुवातीपासून २३ घरं पुढे जातो, आणि ते घर असतं पहाटे तीनच्या ओळीतला शेवटचा सेन्सर. जास्तीत जास्त कुठे जातो ते काढलं: [५][२३], म्हणजे ५ गुणिले ६ अधिक २३, ५३ वं घर. एकूण घरं १४४. म्हणजे मेमरीच्या बाहेर एकदाही जात नाही, क्रॅश नाही, काही नाही, आतल्या आत पत्ते पिसतो. बाहेर गेला असता तर निदान कळलं तरी असतं.

तर नियम: ट्रान्सपोजची टेस्ट चौरस टेबलावर करायची नाही. चौरसात ओळी आणि रकाने सारखेच, त्यामुळे दोघांची अदलाबदल झाली तरी टेस्टला पत्ता लागत नाही. २ × ३ सर्वात छोटं आणि पुरेसं:

१ २ ३
४ ५ ६

ह्याचं

१ ४
२ ५
३ ६

व्हायला हवं. आणि दोनदा केलं की मूळ परत यायला हवं, पण नुसती ही दुसरी टेस्ट ठेवू नका कारण काहीच न करणारं फंक्शनपण ती पास होतं.

२० एप्रिल

रविवार, लाईट दुपारी गेली ती संध्याकाळी आली, लॅपटॉपच्या बॅटरीवर जेवढं झालं तेवढं.

आकार हाताने लिहायचे नाहीत, साइझऑफवर पण जायचं नाही, आकार टाइपमध्येच ठेवायचा. सी++ मध्ये ॲरेचा रेफरन्स (पॉइंटर नाही, मूळ ॲरेचंच दुसरं नाव) घेणारा टेम्प्लेट, म्हणजे कुठल्याही आकाराला चालणारा फंक्शनचा साचा, लिहिला की कंपायलर दोन्ही मापं स्वतः ओळखतो. सही, म्हणजे फंक्शन काय घेतं ते सांगणारी पहिली ओळ, साधारण अशी, नावं मराठीत लिहिते:

उलट( कॉन्स्ट टी (&मूळ)[ओ][र], टी (&नवं)[र][ओ] )
आतलं काम एका ओळीचं: नवं[र][ओ] = मूळ[ओ][र]

&मूळ भोवतीचे कंस सोडायचे नाहीत, ते काढले की त्याचा अर्थ रेफरन्सांचा ॲरे होतो आणि तसली चीज भाषेत नाहीच.

ह्यातली मजा म्हणजे नवं चा आकार मूळ च्या उलट असलाच पाहिजे हे सहीतच लिहिलंय. मुद्दाम २४ × ६ चं आउटपुट म्हणून परत २४ × ६ देऊन बघितलं, कंपाइलच होत नाही. परवाचा घोळ आता बोर्डापर्यंत पोचूच शकत नाही. टेम्प्लेट वेगळ्या हेडर फाइलमध्ये ठेवलाय, स्केचमध्ये ठेवला की आयडीई स्वतःहून प्रोटोटाइप, म्हणजे फंक्शनची आगाऊ घोषणा, बनवायला जातो आणि नसत्या एरर निघू शकतात. स्टँडर्ड लायब्ररीतला ॲरे वापरला असता तर अजून बरं झालं असतं, पण उनोच्या पॅकेजमध्ये ती लायब्ररी येत नाही.

जुने लोक हसतील. पास्कल ह्या जुन्या भाषेत आकार टाइपचा भाग होता आणि त्याच्यावरच तेव्हा लोक वैतागायचे, कारण १० चा ॲरे घेणारं फंक्शन २० चा घ्यायचं नाही. आकार टाइपमध्ये पण हवा आणि फंक्शन कुठल्याही आकाराला चालायला पण हवं, दोन्ही एकदम पाहिजे. गो ह्या भाषेत अजून अर्धंच आहे, [२४][६] आणि [६][२४] हे वेगळे टाइप मानतो पण लांबी जेनेरिक करता येत नाही.

२२ एप्रिल

आज डिस्प्ले जोडला, १२८ × ६४ चा छोटा ओलेड. काळाच राहिला. बंड्या म्हणे पीस खराब. पीस बरोबर आहे, बेरीज बघा:

डिस्प्लेच्या लायब्ररीचा पूर्ण चित्राचा बफर, म्हणजे रॅममधली राखीव जागा, १०२४ बाइट. एसडी कार्डाच्या लायब्ररीचा बफर ५१२. मूळ टेबल २८८, ट्रान्सपोज केलेली कॉपी २८८. झाले २११२. रॅम २०४८.

आणि हे कंपाइल करताना दिसत नाही, कारण डिस्प्लेचा बफर प्रोग्राम चालू झाल्यावर मागितला जातो, आयडीई खाली जो मेमरीचा आकडा दाखवतो त्यात तो धरलेलाच नसतो. तिथे मस्त हिरवं दिसत होतं. बफर मिळाला नाही की लायब्ररीचं सुरुवातीचं फंक्शन 'फॉल्स' देतं, पण ते कोणी तपासलं नव्हतं. तपासणी टाकली.

आता दोन वाटा, डिस्प्लेचा बफर कमी करणं किंवा कॉपी काढून टाकणं. आधी कॉपीच्या मागे लागते, मला त्यातच जास्त इंटरेस्ट आहे हे कबूल.

२३ एप्रिल, रात्री

कॉपी न करता जागच्या जागी आयताकृती टेबल उलटं करता येतं, आणि ते सुंदर आहे. १४४ घरं एका रांगेत धरायची, ० ते १४३. क व्या घरातला आकडा (२४ × क) ला १४३ ने भागून जी बाकी येईल त्या घरात जातो. पहिलं आणि शेवटचं जागचं हलत नाही. १ चा आकडा २४ ला जातो, २४ चा ४ ला, ४ चा ९६ ला, ९६ चा १६ ला, असं फिरत फिरत परत १ वर. ही साखळी ६० घरांची निघाली. तशीच अजून एक ६० ची, एक १२ ची, एक १० ची, आणि दोन न हलणारी. ६० + ६० + १२ + १० + २ = १४४. कागदावर बेरीज जुळली तेव्हा उगाच आनंद झाला, आईला दाखवलं, ती म्हणाली जेवून घे.

कुठली घरं झाली ते लक्षात ठेवायला १४४ बिट, म्हणजे १८ बाइट. २८८ च्या जागी १८.

तरी हे वापरणार नाही. एक तर मेमरी तीच राहते पण टाइप [२४][६] चाच राहतो, त्याला [६][२४] म्हणून वाचायचं तर कास्ट करायचा (कंपायलरला जबरदस्तीने दुसरा टाइप मानायला लावायचं) किंवा सगळं सपाट रांगेत ठेवून इंडेक्स हाताने काढायचे, म्हणजे रविवारी जे कमावलं ते घालवायचं. दुसरं, उलटं केल्यावर पुढच्या तासाची ओळ कुठे लिहिणार? परत सुलटं करायचं? दर तासाला?

वेगाचा प्रश्न इथे नाहीच. नेटवर वाचलं की सगळे सांगतात तुकडे पाडून ट्रान्सपोज करा, कॅशला, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीला, बरं पडतं. मोठ्या मॅट्रिक्सला, मोठ्या प्रोसेसरवर ते अगदी बरोबर आहे. ह्या चिपला डेटा कॅशच नाही, आणि १४४ आकडे हलवायला लागणारा वेळ सेन्सरच्या एका मोजणीपुढे किस झाड की पत्ती.

२६ एप्रिल

दादा आज लॅपटॉपवर डोकावला. "माका ह्या सगळा कळना नाय, पण तुका जर उभाच व्हया तर पयल्यापासूनच उभा कित्याक नाय लिवत?"

प्रश्न अगदी बरोबर. टेबल सुरुवातीपासूनच [सेन्सर][तास] असं ठेवलं तर ट्रान्सपोजच नको. मी नाही केलं त्याचं कारण कार्ड. इथे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून दर तासाची ओळ तिथल्या तिथे फाइलच्या शेवटी जोडते, सहा आकडे, १२ बाइट, एका दमात. बोर्ड परत चालू झाला की त्याच ओळी जशाच्या तशा उचलून टेबलात बसवते. फाइल तासाप्रमाणे वाढते, त्यामुळे टेबलही तासाप्रमाणेच. शिवाय दर तासाची तपासणी, मधला आणि कडेचा ह्यात किती फरक पडला ती, एका ओळीतच होते.

दादाला एवढंच सांगितलं की लाईटसाठी. त्याला लगेच पटलं.

पण त्याच्या प्रश्नाने एक झालं, मी पूर्ण टेबल उलटं करायचा हट्ट सोडला. डेटा हलवायलाच हवा असं नाही, बघायची दिशा बदलली तरी चालतं. पायथनच्या नमपाय लायब्ररीत ट्रान्सपोज मागितला की तो आकडे हलवतच नाही, फक्त पुढच्या घरासाठी किती उडी मारायची ते बदलतो. फोरट्रान ही जुनी भाषा मॅट्रिक्स रकान्या-रकान्याने साठवते, त्यामुळे सी मधलं २४ × ६ त्याला ६ × २४ म्हणून दिलं की एक बाइट न हलवता ट्रान्सपोज झालेलाच असतो. आमच्याकडे त्याहून साधं, कार्डावर सेन्सरप्रमाणे लिहायचं तर लूप उलटे लावायचे, बाहेर सेन्सर, आत तास.

अडतं फक्त आलेखापाशी. त्या फंक्शनला सलग २४ आकडे लागतात. तर एकेक रकाना २४ च्या छोट्या ॲरेत उतरवायचा, आलेख काढायचा, त्याच जागेत पुढचा रकाना. ४८ बाइट. संपला विषय. इथेही टेम्प्लेटच: [ओ][र] घेतो आणि [ओ] लांबीचाच ॲरे मागतो, दुसरा दिला तर कंपाइल होत नाही.

३० एप्रिल

डिस्प्लेची लायब्ररी काढून टाकली. ह्या ओलेडची मेमरी आठ पानांची आहे, एका पानात १२८ बाइट, म्हणून एकच पान रॅममध्ये भरते आणि पाठवते, आठ वेळा. १०२४ च्या जागी १२८. आता बेरीज ५१२ + १२८ + २८८ + ४८ = ९७६, बाकीच्याला हजारभर बाइट मोकळे. तासाला ५ पिक्सेल, २४ तासांचा आलेख १२० पिक्सेलमध्ये बसतो.

९ मे

मध्ये आंब्याच्या पेट्या वाशीला जायच्या होत्या, कोणालाच वेळ नव्हता, मला पण पॅकिंगला बसवलं.

आज परत ट्रान्सपोज, पण बिटचा. बंड्याने 'दार', 'मधला', 'भिंत' अशी देवनागरी लेबलं चित्र म्हणून काढली, स्क्रीनवर अक्षरं आडवी पडली, वर आरशात बघितल्यासारखी. तो ती ९० अंशात फिरवून बघत बसला होता. फिरवून नाही होणार, ट्रान्सपोज म्हणजे कर्णावर घडी, फिरवणं नाही. त्याच्या चित्रात एक बाइट म्हणजे आडवे ८ ठिपके, ओलेडच्या पानात एक बाइट म्हणजे उभे ८ ठिपके. दर ८ × ८ च्या चौकटीचा बिटचा ट्रान्सपोज हवा.

६४ बिटच्या एका आकड्यात पूर्ण चौकट बसते आणि तीन पायऱ्यांत उलटता येते: आधी २ × २ मधल्या एकेका बिटाची अदलाबदल, मग २ × २ चे तुकडे, मग ४ × ४ चे. शिफ्ट ७, १४, २८. लॅपटॉपवर केलं. ८ बिटच्या चिपवर ६४ बिटचे शिफ्ट करण्यात अर्थ नाही, आणि लेबलं काही बदलत नाहीत, उलटून फ्लॅशमध्ये टाकून दिली. तिथे जागाच जागा.

'मधला' मधला ध आता नीट वाचता येतो. दादाला हाच भाग सर्वात आवडला.

१८ मे

कार्डावरून सगळे दिवस लॅपटॉपवर घेतले. एका दिवसाचे २८८ बाइट, रस्ट ह्या भाषेत वाचले. इथे रॅमचा प्रश्न नाही, त्यामुळे सरळ पूर्ण ट्रान्सपोज करून प्रत्येक सेन्सरची वेगळी फाइल. उनो लहान बाइट आधी लिहितो तेवढं लक्षात ठेवायचं.

रस्टमध्ये हे आता फार सुटसुटीत आहे. ॲरेची लांबी जेनेरिक करायची सोय १.५१ मध्ये आली, मार्च २०२१. इंडेक्स देऊन ॲरे बनवणारं फ्रॉम_एफएन १.६३ मध्ये, ऑगस्ट २०२२. एकात एक दोन फ्रॉम_एफएन, बाहेर रकाना, आत ओळ, झाला ट्रान्सपोज, अनसेफ (कंपायलरच्या तपासण्या सैल करणारा भाग) नाही, रिकामा ॲरे आधी भरून ठेवणं नाही. नेटवरच्या जुन्या उत्तरांत डीफॉल्टने, म्हणजे ठरलेल्या सुरुवातीच्या किमतीने, ॲरे भरून मग त्यात लिहितात, ते २४ ला चालेल, पण डीफॉल्ट ३२ लांबीपर्यंतच मिळतो, उद्या दर पंधरा मिनिटांनी मोजलं की ९६ ओळी होतील आणि अडेल.

सी++ मधल्या इंडेक्सच्या चुकीला इथे जागा नाही. [०][२३] मागितलं की प्रोग्राम तिथेच थांबतो आणि लांबी ६, इंडेक्स २३ असं स्पष्ट सांगतो. बंड्याला मुद्दाम करून दाखवलं.

आलेखात दिसलं ते असं: मधले दोन सेन्सर संध्याकाळनंतर पण खाली येत नाहीत, दाराकडचा येतो. दादाने मधल्या भागात थर कमी लावायला सुरुवात केलीय. हे त्याला आधीपासून माहीत होतं असं तो म्हणतो.

२५ मे

पाऊस आला, अवकाळी नाही, मान्सूनच, हवामान खात्याने त्याची रेघ आज देवगडवरूनच काढली. एवढ्या लवकर कोणाची तयारी नव्हती, झाडावर आंबा आहे अजून. सगळे शेडवर ताडपत्री घालण्यात. बोर्ड डब्यात बंद करून उंच टांगला.

१ जून

उरलेल्या मालासाठी पलीकडच्या खोलीत अजून एक छोटी अढी, दोन सेन्सर वाढवले. सहाचे आठ केले, एका ठिकाणी, जिथे टेबल जाहीर केलंय तिथे. लगेच दोन जागी कंपाइल एरर: कार्डावरून ओळ वाचणारा भाग, तिथे ६ चा ॲरे वेगळा जाहीर केला होता, आणि जागांची यादी, तिथे सहाच नावं. दोन्ही दुरुस्त. टेबल आता ३८४ बाइट, रकान्याचा ॲरे ४८ चाच, कारण तास काही वाढले नाहीत.

जुन्या फाइली ६ रकान्यांच्या, नवीन ८ च्या. फाइलच्या सुरुवातीला रकान्यांची संख्या लिहायला हवी. ते बंड्याकडे दिलंय, टेस्ट २ × ३ वर करून आण म्हटलंय.